कमांड देण्याआधी ठिकाण कळू द्या

मनमाड जंक्शनवर मुंबई-भुसावळ या मुख्य मार्गाला दोन फाटे फुटतात. एक अहिल्यानगरवरून दौंडला जातो, तर दुसरा छत्रपती संभाजीनगर, जालना करत मराठवाड्यात शिरतो. तिथे गाडी बदलणारा माणूस डब्यावरची पाटी वाचून मगच पाय आत टाकतो. ही पाटी रेल्वे लावते, ती प्रवाशाने घरून आणायची नसते. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये प्रॉम्प्ट आणि विंडोचे शीर्षक नेमके हेच काम करतात: आपण कोणत्या यंत्रावर, कोणत्या नावाने आणि कोणत्या फोल्डरमध्ये आहोत ते सांगतात. तरीही आपल्याकडे प्रॉम्प्ट हा हौशी मुलांच्या सजावटीचा विषय मानला जातो. माझे म्हणणे असे की, तो सुरक्षेचा भाग आहे आणि त्याची जबाबदारी सर्व्हर सांभाळणाऱ्या संस्थेची आहे.

याचा सर्वांत बोलका पुरावा ३१ जानेवारी २०१७ च्या रात्रीचा आहे. गिटलॅब या कंपनीचा एक अभियंता दोन डेटाबेस सर्व्हरमधली बिघडलेली नक्कल दुरुस्त करत होता. एकाचे नाव ‘डीबी१’, दुसऱ्याचे ‘डीबी२’. डेटा पुसायचा होता दुसऱ्यावरचा, पण कमांड गेली पहिल्यावर, म्हणजे चालू सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली, पण तोवर सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम साडेचार जीबी उरला होता. बॅकअपच्या बहुतेक वाटा बंद निघाल्या. अखेर सहा तासांपूर्वीची एक प्रत हाती लागली म्हणून निभावले, मधल्या वेळातले काम मात्र गेले. कंपनीने हे सारे लपवले नाही, सुधारणांची यादीही उघडपणे मांडली. त्या यादीत बॅकअपच्या बरोबरीने प्रॉम्प्टचाही उल्लेख होता: खऱ्या सर्व्हरवर लाल रंग, चाचणीच्या सर्व्हरवर पिवळा, आणि सर्व वापरकर्त्यांना यंत्राचे अर्धवट नाव न दाखवता पूर्ण नाव दाखवणे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: खरा दोष बॅकअपचा होता, प्रॉम्प्टचे काय एवढे? बॅकअप चालू असते तर नुकसान किरकोळ राहिले असते, हे मान्य. पण बॅकअप कामाला येतो तो चूक घडून गेल्यावर. चूक घडण्याच्या क्षणी माणसाच्या डोळ्यांसमोर प्रॉम्प्टची ओळ सोडून दुसरे काही नसते. रात्री उशिरा थकलेल्या माणसाने दोन नावांतला एका आकड्याचा फरक टिपावा, अशी अपेक्षा ठेवणारी व्यवस्था मुळातच कच्ची असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. रोज दिसणारी गोष्ट दिसेनाशी होते. लाल रंगही आठवड्याभरात सवयीचा होईल. यात तथ्य आहे आणि रेल्वेला ते फार पूर्वी उमगले आहे. इंजिनात लोको पायलट आणि सहायक सिग्नल नुसता पाहत नाहीत, त्याचा रंग एकमेकांना मोठ्याने सांगतात. जपानमध्ये याच पद्धतीत बोट दाखवण्याची जोड असते. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेने १९९४ मध्ये घेतलेल्या चाचणीत, बोट दाखवून उच्चार केल्यावर १०० कृतींमागे चुकांचे प्रमाण २.३८ वरून ०.३८ वर आले. म्हणजे दिसणे पुरेसे नाही, ते वाचावे लागते. पण वाचायला आधी काही लिहिलेले हवे! शिवाय सवयीवर एक साधा उपाय आहे: लाल पट्टा केवळ खऱ्या सर्व्हरसाठी राखून ठेवायचा. दहा रंगांच्या, चिन्हांनी गच्च भरलेल्या प्रॉम्प्टमध्ये धोक्याचा रंग हरवतो, म्हणून सजावटीचा अतिरेक मलाही नको वाटतो. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी माणसेही असतात. तेव्हा रंगासोबत ‘खरा सर्व्हर’ अशा अर्थाचा शब्दही हवा.

आता थोडे तंत्र. बॅश हे शेल प्रॉम्प्टचा मजकूर ‘पीएस-वन’ या चलात ठेवते. रंग बदलणारी अक्षरे पडद्यावर जागा घेत नाहीत. ती कोणती, हे शेलला कळावे म्हणून त्यांच्या आधी \[ आणि नंतर \] ही खूण घालावी लागते. ती विसरली की शेलचा लांबीचा हिशेब चुकतो आणि लांब कमांड स्वतःच्याच ओळीवर चढते. आपण पाहतो ती कमांड आणि प्रत्यक्षात चालणारी कमांड वेगळी असू शकते, त्यामुळे ही चूक दिसायला क्षुल्लक असली तरी घातक आहे. फोल्डरचे नावही पूर्ण दाखवावे. रेड हॅटच्या घराण्यात मूळ प्रॉम्प्ट वाटेचा शेवटचा तुकडाच दाखवतो, आणि ‘डेटा’ नावाचे फोल्डर तर प्रत्येक प्रकल्पात असते.

विंडोच्या शीर्षकाची गोष्ट आणखी नाजूक आहे. शेल एक ठरावीक संकेत छापते: आधी एस्केप अक्षर, मग ], शून्य, अर्धविराम, त्यानंतर मजकूर आणि शेवटी बेल. टर्मिनल तो मजकूर खिडकीच्या माथ्यावर चढवते. डेबियन आणि उबंटूत वापरकर्ता, यंत्र व फोल्डर यांची नावे अशीच प्रॉम्प्टसोबत दर वेळी पाठवली जातात. मात्र दुसऱ्या सर्व्हरवर लॉगिन केले आणि तिथे ही सोय नसली, तर माथ्यावर आधीच्याच यंत्राचे नाव राहते. कोरे शीर्षक परवडले, खोटे नाही. म्हणूनच हे काम एकट्याने स्वतःच्या लॅपटॉपवर करून भागत नाही. प्रत्येक सर्व्हरने स्वतःची ओळख स्वतः सांगितली पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, आता सर्व्हरवर हाताने कोण जाते, सगळे स्वयंचलित झाले आहे. ते रोजच्या कामापुरते खरे आहे. यंत्रणा कोलमडते तेव्हा मात्र माणूसच लॉगिन करतो, आणि तेही घाईत. शिवाय संशोधनाच्या जगात हाताने लॉगिन करणे रोजचेच आहे. पुण्याच्या आयसरमधल्या ‘परम ब्रह्म’सारख्या महासंगणकावर विद्यार्थी आधी लॉगिनच्या यंत्रावर उतरतो आणि तिथून मोठी गणिते रांगेत लावतो. लॉगिनचे यंत्र सर्वांचे सामायिक असते. जड काम चुकून तिथेच सुरू केले की सगळ्यांची वाट अडते. आपण कुठल्या यंत्रावर आहोत, हे त्याला प्रॉम्प्टच सांगतो.

मनमाड-नाशिककडच्या महाविद्यालयांतल्या मुलांना याची सुरुवात करणे अवघड नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठी निवेदनासह उपलब्ध आहेत. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्याने एक बारकावा ध्यानात ठेवावा: डेबियन-उबंटूत वापरकर्त्याची स्वतःची फाइल सामायिक फाइलनंतर वाचली जाते आणि ती प्रॉम्प्ट पुन्हा बदलते. त्यामुळे नव्या खात्यांसाठीची साचा-फाइलही दुरुस्त करावी लागते. मग चाचणीचा आणि खरा असे दोन सर्व्हर शेजारीशेजारी उघडून, ज्याने ते कधी पाहिलेले नाहीत अशा विद्यार्थ्याला बसवावे आणि यांतला खरा कोणता ते विचारावे. त्याला उत्तर द्यायला अडखळावे लागले, तर प्रॉम्प्टवर अजून काम बाकी आहे.