दक्षिणेची झोळी आणि सरकारची तिजोरी

शिर्डीतली दर्शनाची रांग सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. तिथे आणखी एक रांग लागते, साईसंस्थानच्या रुग्णालयांपुढे. कुणाच्या हातात एक्स-रेची मोठी पाकिटं, कुणाच्या पिशवीत चार दवाखान्यांचे जुने रिपोर्ट, कुणाच्या काखेत घरून आणलेल्या भाकरी. श्री साईनाथ रुग्णालय आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेपर्यंतचे उपचार करणारं सुपर स्पेशालिटी रुग्णालय ही दोन्ही संस्थान चालवतं. राहाता तालुक्याबाहेरून, मराठवाड्यातून आणि खानदेशातून माणसं इथे येतात, कारण गावाजवळच्या खासगी दवाखान्यात सांगितलेला आकडा जमीन विकल्याशिवाय उभा राहणारा नसतो.

या सेवेमागे भक्तांचं दान आहे. दानपेटीत दहाची नोट टाकणाऱ्या बाईला त्या नोटेने कुणाचं ऑपरेशन होणार हे माहीत नसतं आणि ती विचारतही नाही. रुग्ण कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, त्याने स्वतः कधी काही दिलं होतं का, हे प्रश्न तिच्या मनात येत नाहीत. सार्वत्रिक आरोग्यसेवेचं नैतिक मूळ इथेच आहे. आजार कुणाच्या घरी कधी शिरेल ते सांगता येत नाही आणि शिरल्यावर त्याचा खर्च एकट्याला पेलत नाही. म्हणून ज्याला जमेल तेवढं त्याने आधी द्यावं आणि ज्याला लागेल तेवढं त्याला मिळावं.

साईबाबांच्या चरित्रात हीच रीत दिसते. आलेल्यांकडून ते दक्षिणा मागून घेत आणि संध्याकाळपर्यंत ती वाटून मोकळे होत. १९१० साली त्यांचा हात धुनीत भाजला, तेव्हा भक्तांनी मुंबईहून डॉक्टर आणला होता. पण जखमेची पट्टी रोज बांधत राहिला तो भागोजी शिंदे. भागोजीला स्वतःला महारोग होता. ज्याला गाव शिवत नसे, त्याच्याच हातून बाबांनी शुश्रूषा करून घेतली. १९१८ मध्ये बाबांनी देह ठेवला, १९२२ मध्ये संस्थान उभं राहिलं आणि २००४ च्या कायद्यानंतर त्याचा कारभार सरकारने नेमलेल्या विश्वस्तांकडे आला.

पण दान श्रद्धेच्या वाटेने जातं, आजार मात्र ती वाट धरत नाही. शिर्डीला देव आहे म्हणून रुग्णालय आहे. ज्या तालुक्यात मोठं देवस्थान नाही, तिथल्या बाळंतिणीने कुठे जायचं? दयेने मिळालेल्या उपचारासाठी रुग्ण कृतज्ञ असतो, ते योग्यच आहे. मात्र न मिळालेल्या उपचारासाठी त्याला दाद मागता आली पाहिजे, आणि तशी दाद फक्त हक्काबद्दल मागता येते.

याच नगर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, शिर्डीपासून दीडशेएक किलोमीटरवर, जामखेड आहे. उत्तरेला उसाचा, कालव्यांचा पट्टा; जामखेडकडे दुष्काळ. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये तिथे आले. दवाखाना काढला असता तर गर्दी झालीच असती, पण बरी होऊन गेलेली मुलं तोच हगवणीचा आजार घेऊन परत आली असती. म्हणून त्यांनी गावोगावच्या बायकांना शिकवायला घेतलं. बहुतेक निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, शिकत आणि गावात जाऊन बाळंतपणं करत, मुलांची वजनं घेत, पाणी उकळायला सांगत. पिण्याच्या पाण्यासाठी विंधण विहिरी घ्यायची वेळ आली तेव्हा आरोळे दांपत्याने त्या दलित वस्तीत घेतल्या जातील असं पाहिलं. पाणी हवं तर सगळ्या गावाला तिथे यावं लागे. औषधाइतकंच हेही आरोग्याचं काम होतं, आणि ते उघडउघड राजकीय होतं.

सुरुवातीला या गावांत हजारी १७६ बालकं वर्षाच्या आत दगावत. १९९० च्या दशकात हा आकडा तिशीच्या खाली आला. जागतिक आरोग्य संघटनेने या कामाची नोंद १९७५ मध्येच घेतली. तीन वर्षांनी आल्मा-आटा इथे जगभरच्या देशांनी ‘सर्वांसाठी आरोग्य’ ही घोषणा केली. पुढे २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानात देशभर गावोगावी ‘आशा’ आरोग्य कार्यकर्त्या नेमल्या गेल्या, त्यामागे जामखेडसारख्या प्रयोगांचा अनुभव होता.

एका गावची रीत देशाचा कायदा होऊ शकते, याचं सर्वांत ठळक उदाहरण वेल्समध्ये आहे. ट्रेडेगर या गावी खाणकामगार मजुरीतून थोडे थोडे पैसे काढत आणि त्यातून सगळ्या गावाचा दवाखाना चाले. त्याच गावातला खाणकामगार अन्यूरिन बेव्हन पुढे ब्रिटनचा आरोग्यमंत्री झाला आणि ५ जुलै १९४८ ला राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. डॉक्टरांच्या संघटनेचा कडवा विरोध होता. नगर जिल्ह्याला ही गोष्ट परकी वाटू नये. प्रवरानगरला शेतकऱ्यांनी भागभांडवल गोळा करून साखर कारखाना उभारला, तोही याच काळात. उसासाठी जे जमलं ते आजारासाठी का जमू नये?

महाराष्ट्रात थोडं जमलंही आहे. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना आज महात्मा फुले यांच्या नावाने चालते. २०२३ मध्ये तिची उपचारखर्चाची मर्यादा पाच लाखांवर नेऊन ती सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय झाला. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवाव्यात, ही योजना २००६ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने आली. तरी फटी मोठ्या आहेत. फुले योजना रुग्णालयात दाखल होऊन करायच्या ठरावीक उपचारांना पैसे देते. मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या, तपासण्या, एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी घरच्यांच्याच खिशातून जाते. राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला. महाराष्ट्रात जन आरोग्य अभियान या चळवळीला तशाच कायद्यासाठी अजून झगडावं लागतं आहे.

कागदावरच्या सोयी गावात उतरतात त्या कुणीतरी भांडल्यामुळे. २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत सरकारी आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. जनसुनावणीत गावच्या बाया माइक हातात घेऊन अधिकाऱ्यांसमोर विचारू लागल्या: उपकेंद्राला कुलूप का, औषध बाहेरून का आणायला लावलं, रुग्णवाहिकेचे पैसे कुणी घेतले? डॉक्टर समोर बसलेला असताना हे बोलायला धीर लागतो, कारण पुढच्या तापाला त्याच्याकडेच जायचं असतं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यातल्या आशा मोबदल्यासाठी संपावर गेल्या. आश्वासन मिळालं, आदेश निघाला नाही, म्हणून जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी पुन्हा काम थांबवलं. हजारो जणी मुंबईत आझाद मैदानावर बसल्या, कुणाबरोबर तान्ही मुलंही होती. मार्चमध्ये मोबदल्यात दरमहा पाच हजारांची वाढ पदरात पडली. त्या गावी परतल्या तेव्हा घराघरांत लसी राहिलेली मुलं होती आणि दिवस भरत आलेल्या बायका त्यांची वाट बघत होत्या.