कट्ट्याची पाठ

मलकपेठेहून सरूरनगरचा तलाव दूर नाही. संध्याकाळी तेथे वारा घ्यावयास जाणाऱ्यांत आपली कितीतरी जुनी कुटुंबे असतात. सर्वांची तोंडे पाण्याकडे. कट्ट्याच्या पाठीशी, खालच्या अंगाला जी वस्ती आहे, तिकडे सहसा कोणाची नजर जात नाही.

कुतुबशाहीतला, १६२६ च्या सुमाराचा हा तलाव. असे तलाव बांधले ते शेतीसाठी. आज तेथे मन रमवावे आणि गणपती बोळवावेत. उपयोग बदलला, पण मातीच्या बांधाचा स्वभाव तोच आहे. सांडवा तुंबला की पाणी माथ्यावरून वाहते आणि माती कापीत नेते; नाही तर उंदरांच्या बिळांतून, कुजलेल्या मुळांच्या वाटेने आतून पोखरू लागते. पाझर नितळ आहे तोवर धीर धरावा. तो गढूळला की बांधातली माती निघाली म्हणून समजावे.

शेती होती तेव्हा गावोगावी नीरडी असे. पाणी सोडावे आणि कट्टा फिरून पाहावा, हे त्याचे काम. शेते गेली, त्यांच्याबरोबर तोही गेला.

२८ सप्टेंबर १९०८ च्या महापुरात मुसीच्या पाणलोटातील ७८८ तलावांपैकी २२१ फुटले. वरचा फुटला की त्याचे पाणी खालच्याच्या उरावर! ऑक्टोबर २०२० मध्ये पल्ले चेरुवू आणि बालापूरचा गुर्रम चेरुवू फुटले. कोकणात तिवऱ्याचा बांध २ जुलै २०१९ च्या रात्री गेला. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्यापूर्वी व नंतर पाहणी सक्तीची केली, पण ती पंधरा मीटरांहून उंच धरणांची. दहा ते पंधरा मीटरांची काही अटींवर. त्याहून ठेंगणे कट्टे त्यातून सुटले. शहरात दाट वस्ती तर नेमकी अशाच कट्ट्यांखाली असते!

माझे वडील दरबारी गवई. गाता गाता तंबोऱ्याचा पंचम केसभर उतरला तरी ते थांबत आणि तार लावून घेत. ऐकणाऱ्यांना पुष्कळदा काही उतरल्याचे कळलेलेही नसे. शिष्यांना मी आज तेच शिकवितो: बिघाड लहान असतानाच कान द्यावा.

कट्ट्यालाही असा कोणी कान देणारा हवा. प्रत्येक तलावावर जबाबदार माणसाचे नाव आणि शेवटच्या पाहणीची तारीख पाटीवर लिहिलेली असावी, एवढे तरी आपण नगरपालिकेकडे मागू या. मृगाच्या आधी मागू या.