सांडपाणी दारात नको, जमिनीत जिरवू या

एप्रिल 2016 मध्ये गावोगाव बाबासाहेबांच्या 125व्या जयंतीची तयारी चालू होती. त्याच आठवड्यात लातूरला रेल्वेने पाणी आले. मांजरा धरण कोरडे पडले होते. 12 एप्रिलच्या पहाटे मिरजेहून पहिली पाणीगाडी पोहोचली, तिच्यात दहा टाक्या आणि पाच लाख लिटर पाणी होते. हे पाणी साडेतीनशे किलोमीटरवरून आणावे लागले.

मुरुड याच लातूर तालुक्यातले. पाण्यासाठी घागर-हंडा घेऊन थांबणे इथल्या माय-बहिणींना नवे नाही. तरीही आपल्या अनेक वस्त्यांत एक विचित्र गोष्ट दिसते. प्यायला पाणी पुरत नाही आणि गल्लीत मात्र बारा महिने घाण पाणी साचलेले असते. न्हाणीतले, भांड्यांचे, धुण्याचे पाणी दारापुढून वाहते आणि उताराला डबके होते. त्यात भर म्हणून आपली वस्ती बहुतेक गावांत सखल बाजूला, त्यामुळे वरच्या आळीचेही पाणी आपल्याच दारात.

याचा आजाराशी थेट संबंध आहे. डबक्यातल्या घाण पाण्यात क्युलेक्स डास वाढतो, त्याच्यापासून हत्तीपाय होतो. डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारा एडिस डास मात्र घरातल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. रांजण, टाकी, कूलर, छतावरचे टायर या त्याच्या जागा. पाणी चार-आठ दिवसांनी येते म्हणून आपण साठवतो, आणि साठा उघडा राहिला की डासाला घर मिळते.

अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवून भांडी रिकामी करावीत. नुसते ओतून चालत नाही. अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात, म्हणून कडा घासून काढाव्यात. उरलेले पाणी फेकू नये, ते धुण्याला किंवा झाडांना वापरावे. भरलेल्या भांड्यावर झाकण नसेल तर जुन्या लुगड्याचे फडके घट्ट बांधावे.

सांडपाण्याचा उपाय आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात पाहायला मिळतो. हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे केले. गटारे वाहायची थांबली, डास कमी झाले आणि गावाची ओळख डासमुक्त गाव अशी झाली. पुढे जिल्ह्यात रोजगार हमीतून असे खड्डे करण्यात आले.

खड्डा करणे अवघड नाही. चार फूट लांब, चार फूट रुंद आणि तेवढाच खोल खड्डा घ्यावा. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून शक्य तिथे मुरूम लागेपर्यंत खोदावे. तळाशी मोठे दगड, वर लहान दगड भरावेत. मधोमध बाजूला छिद्रे पाडलेली सिमेंटची लहान टाकी किंवा मोठे मडके बसवावे आणि न्हाणीचा पाइप त्यात सोडावा. वरून झाकून माती लोटावी. पाइपाच्या तोंडाशी नारळाचा काथ्या ठेवला की केस आणि साबणाचा गाळ अडतो. तो काथ्या महिन्याला बदलावा. उष्टे, तेल आणि राख मोरीत सोडू नये, खड्डा लवकर तुंबतो. संडासाचे पाणी यात कधीही सोडू नये. आड किंवा बोअर जवळ असेल तर निदान चाळीस फूट अंतर ठेवावे.

दारात जागा नसेल तर चार-पाच घरांनी मिळून मोठा खड्डा करावा. थोडी जागा असेल तर न्हाणीच्या पाण्यावर कर्दळ, केळ, शेवगा चांगला येतो. शेवग्याची भाजी आणि शेंगा घरच्या बाळंतिणीला, लेकरांना उपयोगी.

आणखी एक सवय सोडायला हवी. चूल पेटवताना प्लास्टिकची पिशवी किंवा चपलेचा तुकडा घालू नये. तो धूर विषारी असतो, आणि चुलीजवळ बसलेली बाई व तिच्या मांडीवरचे मूल तो सर्वांत आधी ओढतात. आपल्याकडे तुराट्या, पळाट्या मिळतात, त्या कोरड्या ठेवाव्यात. बाजाराला जाताना कापडी पिशवी नेली तर घरात प्लास्टिकच कमी येते.

हे सारे घरातले झाले. पण वस्तीतली नाली बांधणे हे एकट्या घराचे काम नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासासाठी शासनाची स्वतंत्र योजना आहे, त्यातून नाल्या, पाणीपुरवठा, रस्ते करता येतात. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील 15 टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करायची असते. ती कुठे खर्च झाली हे ग्रामसभेत विचारावे, मागणी लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. महाडला 1927 मध्ये आपण पाण्याचा हक्क मागितला. सांडपाण्याची नीट वाट लावून मिळणे हाही त्याच हक्काचा भाग आहे.

आणि ताप आलाच तर अंगावर काढू नये. डेंग्यूच्या तापात मनाने अंगदुखीच्या गोळ्या घेतल्याने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. भरपूर पाणी, पेज घ्यावी आणि सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्यावे. पोटात फार दुखत असेल, सारख्या उलट्या होत असतील किंवा हिरड्यांतून रक्त येत असेल, तर रात्र असली तरी थांबू नये.