१९४० : ब्रिटनच्या आकाशांतील झुंज

लढाई जिंकणें म्हणजे शत्रूचा मुलूख घेणें, असा सर्वसामान्य समज आहे. १९४० च्या उन्हाळ्यांत ब्रिटनच्या आकाशांत झालेल्या लढाईंत तसूभरहि जमीन कोणीं घेतली नाहीं. तरीहि महायुद्धाचा ओघ तिच्यामुळें वळला.

जूनमध्यें फ्रान्स शरण गेला. डोव्हरजवळ इंग्लिश खाडीची रुंदी अवघी २१ मैल. १६ जुलै रोजीं हिटलरनें ब्रिटनवरील स्वारीच्या तयारीचा हुकूम काढला. परंतु ब्रिटिश आरमार शाबूत असतां सैन्य खाडीपार न्यावयाचें, तर आधीं आकाश ताब्यांत हवें, आणि तेंहि हिवाळी वादळांनीं समुद्र खवळण्यापूर्वीं. जर्मनीला विजयच हवा होता. ब्रिटनच्या लढाऊ विमानदळाला तोंवर शिल्लक राहणें पुरेसें होतें.

हें वर्म त्या दळाचे प्रमुख डाउडिंग यांनीं नेमकें ओळखलें होतें. फ्रान्स कोसळत असतां, मे महिन्यांतच, आणखी लढाऊ विमानें तिकडे धाडण्यास त्यांनीं लेखी विरोध केला. हा कंजूषपणाच पुढें कामीं आला. किनाऱ्यावरील रडारचे मनोरे शत्रूचीं विमानें समुद्रावर असतांनाच हेरीत. तीं आंत शिरल्यावर निरीक्षक दुर्बिणींनीं त्यांचा माग घेत. ही वार्ता टेलिफोनवरून नियंत्रण-केंद्रांत येई. तेथें मेजावरील भल्या मोठ्या नकाशावर तरुण स्त्रिया लांब दांड्यांनीं खुणेच्या सोंगट्या सरकवीत, आणि तो पट पाहून वैमानिकांस आज्ञा सुटे. दिवसभर गस्त घालून पेट्रोल व माणसें झिजविण्याचें कारण उरलें नाहीं.

झुंज स्वतःच्या भूमीवर, हाहि लाभ मोठा. जर्मन मेसरश्मिट १०९ विमानापाशीं लंडनवर जेमतेम दहा मिनिटें लढण्यापुरतें पेट्रोल उरे. पॅराशूटनें उतरलेला ब्रिटिश वैमानिक, धडधाकट असला तर, पुन्हा उडे. जर्मन वैमानिक कैदेंत जाई.

तरीहि ऑगस्टअखेर विमानतळांवर सतत मारा होऊं लागला, तेव्हां चणचण विमानांची नव्हे, वैमानिकांची भासली. विमान कारखान्यांतून येतें. अनुभवी वैमानिक साच्यांतून काढतां येत नाहीं. अशा वेळीं, ७ सप्टेंबरला, जर्मनीनें माऱ्याचा रोख लंडनकडे वळविला. नगरावर अनर्थ कोसळला, पण विमानतळांना उसंत मिळाली. १५ सप्टेंबरला, ब्रिटिश दळ संपत आलें या समजुतीनें आलेल्या जर्मन वैमानिकांसमोर विमानांच्या तुकड्यांवर तुकड्या उभ्या ठाकल्या. त्या दिवशीं १८५ विमानें पाडल्याचें जाहीर झालें; खरा आकडा साठाच्या आसपास होता. तेवढाहि पुरला. दोनच दिवसांनीं हिटलरनें स्वारी बेमुदत पुढें ढकलली.

या लढाईंत उतरलेल्या सुमारें ३००० ब्रिटिश व मित्रपक्षीय वीरांपैकीं ५४४ जण परतले नाहींत. १९४१ च्या जूनमध्यें हिटलर रशियावर चालून गेला, तेव्हां अजिंक्य ब्रिटन त्याच्या पाठीशीं तसेंच उभें होतें. आणि ६ जून १९४४ रोजीं नॉर्मंडीवर उतरलेल्या फौजा याच बेटावरून निघाल्या.