मोटार एका अंगास कां ओढते?

बीड शहरास आगगाडी लाभली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजीं. तोंपर्यंत या भागांतील शेतकऱ्याच्या मालाचें ओझें रस्त्यानेंच वाहिलें, आणि आजही बहुतेक तोच वाहतो. गेवराई-माजलगांवकडील कापूस, आष्टी-पाटोद्याकडील कांदा, कारखान्यास जाणारा ऊस, हें सारें पिकअप, जीप व ट्रॅक्टर यांच्या चाकांवर आहे. बैल कोणत्या पायानें लंगडतो हें दुरून ओळखणारा आमचा शेतकरी मात्र, मोटार एकीकडे ओढूं लागली म्हणजे “अलाइनमेंट गेली” एवढें म्हणतो आणि पैसे मोजून मोकळा होतो. पुष्कळ वेळां दोष दुसरीकडेच असतो. पैसे जातात व ओढ तशीच राहते. म्हणून हा दोष कोणत्या क्रमानें शोधावा, तें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम एक प्रश्न स्वतःस विचारावा : गाडी ओढते ती केव्हां? सरळ चालतांना सदैव ओढते, कीं केवळ ब्रेक दाबल्यावर? या एका उत्तरानें अर्धी चौकशी संपते.

सदैव ओढत असेल तर आधीं रस्ता तपासावा. पाणी वाहून जावें म्हणून रस्ता मध्यें उंच व कडेस उतरता बांधतात. आपल्या देशांत वाहनें डाव्या बाजूनें चालतात, त्यामुळें गाडी किंचित् डावीकडे सरकणें हें स्वाभाविक आहे. मोकळा व सपाट रस्ता पाहून, वेग बेताचा ठेवून, स्टिअरिंग सैल धरावें. हात मात्र काढूं नयेत. नंतर त्याच रस्त्यानें उलट दिशेनें येऊन पाहावें. डांबरी उताराची बाजू बदलतांच ओढीची बाजू बदलली, तर दोष रस्त्याचा. दोन्ही वेळां गाडी एकाच हाताकडे जोरानें जात असेल, तर दोष गाडीचा. गाडींत माल एकाच अंगास भरलेला नाहीं, हेंही तेव्हांच पाहून घ्यावें.

दुसरी गोष्ट टायरमधील हवा. ज्या पुढील चाकांत हवा कमी, त्या बाजूस गाडी ओढते. हवा किती असावी हें बहुधा चालकाच्या दाराजवळील पट्टीवर लिहिलेलें असतें. ती टायर थंड असतांना मोजावी. दहा कोस धांवून आलेल्या टायरचें माप फुगलेलें येतें. भरलेल्या व रिकाम्या गाडीसाठीं आंकडे निराळे दिलेले असल्यास त्याप्रमाणें भरावी.

हवा बरोबर असूनही ओढ राहिली, तर पुढील दोन चाकांची अदलाबदल करावी. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर ही परीक्षा करूं नये. अदलाबदलीनंतर ओढ उलट बाजूस गेली, तर दोष टायरचाच समजावा. आंतील पट्टे सरकून टायर किंचित् शंकूसारखा झाला म्हणजे तो वरून चांगला दिसतो आणि गाडीस मात्र वळवीत राहतो. असला टायर कितीही वेळां अलाइनमेंट केल्यानें सुधारत नाहीं. एका बाजूस नवा व दुसऱ्या बाजूस गुळगुळीत टायर घालण्यानेंही हाच परिणाम होतो.

टायर निर्दोष ठरला, तर अडकलेल्या ब्रेकचा शोध घ्यावा. चार-पांच किलोमीटर, शक्य तितका कमी ब्रेक लावून, गाडी चालवावी व थांबतांच प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन पाहावा. लोखंडास स्पर्श करूं नये, भाजतें. एकच चाक तापलें असेल व जळका वास येत असेल, तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नाहीं, आणि गाडी त्याच बाजूस ओढते. ब्रेकची रबरी नळी आंतून सुजून ऑईल परत जाऊं देत नाहीं, असेंही घडतें.

त्यानंतर पुढील चाकांचे जोड. गाडी टणक जमिनीवर उभी करून, मागील चाकांस दगड लावून, जॅकनें चाक उचलावें व तें वर-खालीं आणि डावें-उजवें हलवून पाहावें. खडखड जाणवली तर बॉल जॉइंट, टाय रॉड किंवा बेअरिंग झिजलें आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणीही शिरूं नये.

पाट्याच्या गाडीस आणखी एक दोष होतो. पाटे एकत्र धरणारा मधला बोल्ट तुटला म्हणजे मागील आंस सरकतो आणि गाडी खेंकड्याप्रमाणें तिरपी चालते. पुढील चाकें सरळ उभीं ठेवून, पुढील व मागील चाकांच्या मध्यांमधील अंतर दोन्ही बाजूंस दोरीनें मोजावें. दोन मापांत ठळक फरक आला तर मिस्त्रीस तेंच दाखवावें.

एवढें झाल्यावर अलाइनमेंट करावी. तींत तीन मापें असतात. चाकाचा वरचा भाग बाहेर किंवा आंत कलणें हा कँबर; ज्या चाकाचें डोकें बाहेर अधिक कललें, तिकडे ओढ. चाक ज्या कण्यावर वळतें त्याचा मागील कल म्हणजे कॅस्टर. ज्या बाजूस हा कल कमी, तिकडे ओढ. चाकांचीं तोंडें आंत वा बाहेर असणें हा टो; त्यांत चूक असेल तर टायर लवकर झिजतात व स्टिअरिंग वांकडें राहतें. पुष्कळ गाड्यांत टो तेवढाच फिरवितां येतो. म्हणून कँबर किंवा कॅस्टर बिघडलेला निघाला, तर खड्ड्यांत आपटून कांहीं तरी वांकलें आहे असें समजून तें शोधण्यास सांगावें. जमिनीची मोजणी झाल्यावर आपण नकाशा मागतों, त्याप्रमाणेंच कामाआधींच्या व नंतरच्या मापांचा छापील कागद मागून घ्यावा.

आतां ब्रेक दाबल्यावरच येणारी ओढ. जोडीपैकीं एक बैल थांबला व दुसरा चालत राहिला, तर गाडी थांबलेल्या बैलाकडे वळते. येथेंही तोच न्याय. ब्रेक दाबतांच गाडी डावीकडे गेली, तर डावें चाक धरतें व उजवें धरत नाहीं. म्हणून तपास उजव्या चाकाचा आधीं करावा. लायनरवर ग्रीस किंवा ऑईल सांडलेलें असेल, पिस्टन गंजून बसला असेल, अथवा नळींत हवा शिरली असेल. हा दोष उद्यांवर टाकूं नये. कांद्यानें भरलेली पिकअप मांजरसुंब्याचा घाट उतरत असतां समोरून ट्रक आला, तर हातभर ओढही जीव घेण्यास पुरे.

ट्रॅक्टरवाल्यांस आमचें विशेष सांगणें आहे. तासाच्या शेवटीं जागच्या जागीं वळतां यावें म्हणून ट्रॅक्टरच्या मागील दोन चाकांस ब्रेकचे दोन निरनिराळे पॅडल असतात. शेतांतून रस्त्यावर येतांना ते पट्टीनें एकत्र जोडलेच पाहिजेत. न जोडतां एकावरच पाय पडला, तर ट्रॅक्टर गर्रकन् फिरतो व मागील ट्रॉली त्यास ढकलीत नेते. पॅडल जोडूनही ओढ येत असेल, तर दोन्ही पॅडलांची ढील सारखी करून घ्यावी. दसरा-दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें अशाच ट्रॉल्यांत मुलांबाळांसह बसून ऊसतोडीस जातात. त्यांचा भरंवसा त्या दोन पॅडलांवर असतो.

शेवटीं एक वही गाडींत ठेवावी. हवा कधीं भरली, टायर कधीं बदलले, किती किलोमीटरवर कोणतें काम झालें व ओढ केव्हां सुरू झाली, हें तारखेसह लिहावें. मिस्त्रीपुढें वही उघडून ठेवली म्हणजे तो अंदाजानें भाग बदलीत बसत नाहीं, आणि आपलेही पैसे योग्य जागीं खर्च होतात.