कासचे आरक्षण, मिरजेची सतार

सातारा शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर असलेले कास पठार जांभ्या खडकाचे असून, त्यावरील मातीचा थर इतका पातळ आहे की तेथे मोठी झाडे फारशी रुजत नाहीत. पावसाच्या ओलीवर वाढणाऱ्या तेरडा, सीतेची आसवे अशा लहान वनस्पतीच ऑगस्टअखेरीपासून काही आठवडे पठार रंगवून टाकतात. युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत कासचा समावेश झाला आणि गर्दी इतकी वाढली की ज्या फुलांसाठी लोक येत होते, तीच पायांखाली तुडवली जाऊ लागली.

या अडचणीवर ऑनलाइन आरक्षणाचा उपाय योजण्यात आला. एखादे स्थळ स्वतःची हानी न होता जितके पर्यटक सामावून घेऊ शकते, तितकी त्याची धारणक्षमता मानली जाते. कासवर अलीकडच्या हंगामांत दिवसाला ३००० पर्यटकांची मर्यादा ठेवली गेली. दूरवरून आलेल्या कुटुंबाला फाटकावरून परत पाठवणे कोणालाच जमत नाही, परंतु आरक्षण भरल्याचे घरीच कळले तर तो दिवस टाळता येतो, आणि या व्यवस्थेचे खरे मोल तिकिटाच्या सोयीपेक्षा या पूर्वसूचनेत आहे. मात्र संकेतस्थळ फुलांची राखण करीत नाही. ते काम परिसरातील गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या, म्हणजे वनविभाग आणि ग्रामस्थ यांनी मिळून चालवलेल्या संस्था, करतात. प्रवेशशुल्कातून गावातील तरुणांना हंगामात रोजगार मिळतो, म्हणून पठार जपण्यात गावाचेही हित गुंतलेले राहते. कासवर तंत्रज्ञान उपयोगी पडले, त्याचे प्रमुख कारण हेच आहे.

लहान व्यावसायिकांची स्थिती वेगळी आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयमुळे कणीस विकणाऱ्यालाही मोबाइलवर थेट बँकखात्यात पैसे घेता येतात, पण डोंगरदऱ्यांत रेंज गेली की व्यवहार अडतो. घरगुती निवासाची सोय करणाऱ्या कुटुंबाला आरक्षणाच्या मोठ्या संकेतस्थळांवरून ग्राहक मिळतात खरे, परंतु प्रत्येक आरक्षणामागे दलाली द्यावी लागते आणि ग्राहकाची ओळख संकेतस्थळाकडेच राहते. त्यामुळे आलेल्या पाहुण्याचा क्रमांक जपून पुढच्या वेळी त्याच्याशी थेट बोलणे, हा साधा उपाय अशा कुटुंबांनी सोडू नये.

साताऱ्याशेजारच्या सांगली जिल्ह्याचा प्रश्न मात्र गर्दीचा नसून अनोळखीपणाचा आहे. या जिल्ह्यातील मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या भोपळ्यापासून सतार आणि तंबोरे घडवले जातात आणि या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी निगडित गुणवत्तेची कायदेशीर ओळख, मिळाली. किराणा घराण्याचे गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबरही मिरजेच्या दर्ग्याच्या परिसरात आहे. संगीताच्या अभ्यासकाला एवढे कारण पुरेसे असले, तरी सामान्य पर्यटकाला कोणता कारखाना पाहता येतो, कोणत्या वेळी आणि कोणाला विचारून, हे घरबसल्या कळले पाहिजे. कारागिराचे काम शांततेचे असल्याने येथेही संख्येला मर्यादा लागेलच. म्हणून आकर्षक ॲपवर खर्च करण्याआधी कारागिरांनी एकत्र येऊन भेटीचे वार, वेळ आणि शुल्क ठरवावे, जिल्हा प्रशासनाने ती माहिती मराठीसह अन्य भाषांत अद्ययावत ठेवावी आणि त्यानंतरच आरक्षण सुरू करावे.