पत्रावरील मोहोर

गेल्या पावसाळ्यांत तलासरीकडील एक पालक शाळेंत आले व त्यांनीं आपला मोबाईल आमच्यापुढें धरला. "गुरुजी, ही फी मी भरली, पावती कोठें मिळेल?" पत्र शाळेच्या पत्त्यावरून आलेलें दिसत होतें, परंतु शाळेनें तें पाठविलेंच नव्हतें. भाताच्या लावणीसाठीं ठेवलेली रक्कम अशा रीतीनें परक्याच्या हातीं गेली. शाळेचा पत्रव्यवहार शाळेच्याच संगणकावरून चालत असल्यामुळें उपायही आम्हांसच शोधणें प्राप्त होतें.

ई-मेल वाहून नेण्याचे नियम १९८२ सालीं ठरले, त्या वेळीं तें जाळें वापरणारे थोडे होते. त्या नियमांत पाठविणारानें आपलें नांव काय लिहावें, ह्यास अटकाव नाहीं. पाकिटाच्या पाठीवर कोणाचाही पत्ता लिहितां येतो, तसेंच हें. आपल्या पूर्वजांस ही अडचण ठाऊक होती. मराठेशाहींतील राजपत्राच्या माथ्याशीं मुद्रा व मजकूर संपे तेथें मोर्तब उमटे. हेतु हाच, कीं त्याखालीं कोणास एक ओळही वाढवितां येऊं नये.

२००७ सालीं प्रसिद्ध झालेली डीकेआयएम ही पद्धति म्हणजे ई-मेलवरील मोहोरच होय. संगणक पत्राच्या मजकुराचें गणिती सार काढून गुप्त किल्लीनें त्यावर सही करतो. तिची जोडीदार उघडी किल्ली डोमेनच्या सार्वजनिक नोंदींत असते. पत्र घेणारा संगणक ती वाचून सही पडताळतो. वाटेंत रकमेचा एक अंक जरी बदलला, तरी सही जुळत नाहीं.

सही करणारा प्रोग्राम कोणता घ्यावा, ह्याविषयीं आमच्यांत बरीच चर्चा झाली. एग्झिम नांवाच्या टपाल-प्रोग्रामांत ही सोय अंगचीच असते; आमच्याकडे पोस्टफिक्स, त्यास जोड लागते. ओपनडीकेआयएम लहान, एकमार्गी, जुन्या यंत्रावरही निमूट चालणारा; परंतु २०१५ सालीं २.१०.३ ही आवृत्ति निघाल्यावर त्याची वाढ फार मंदावली. आरस्पॅमडी मोठा, त्यास मेमरी अधिक लागते. पण तो येणाऱ्या पत्रांतील केरकचराही निवडतो व त्याची निगा नियमित राखली जाते. केवळ पत्रें पाठवावयाचीं असतीं, तर आम्हीं पहिलाच घेतला असता. कारकुनांस रोज सकाळीं कचरा उपसावा लागे, म्हणून दुसरा घेतला.

प्रोग्रामापेक्षांही किल्लीची लांबी महत्त्वाची. झॅकरी हॅरिस ह्या अमेरिकन गणितज्ञास गूगलची किल्ली अवघी ५१२ बिटांची आढळली. ही आपली परीक्षाच असावी, असें समजून त्यानें ती फोडली व गूगलच्या एका संस्थापकाच्या नांवानें दुसऱ्यास पत्र धाडलें! २०१२ सालीं ही हकीकत जाहीर झाली. तोंवर गूगलनें किल्ली २०४८ बिटांची केलेली होती. आम्हींही तेवढीच घेतली. मात्र एवढी किल्ली नोंदींतील २५५ अक्षरांच्या एका तुकड्यांत मावत नाहीं. ती तोडून लिहितांना आमच्या हातून सांध्यावरचें एक अक्षर गळलें, आणि दोन दिवस आमचीं खरींच पत्रें खोटीं ठरलीं.

मजकुराच्या कांहीं भागावरच सही करण्याचीही एक सवलत ह्या पद्धतींत आहे. ती आम्हीं घेतली नाहीं. न वाचतां दिलेल्या अंगठ्यापायीं जमिनी कशा गेल्या, हें आमच्या भागांतील वारली वडीलधाऱ्यांकडून ज्यानें ऐकलें आहे, तो सहीखालीं मोकळी जागा कशी ठेवील?

केवळ सहीनें मात्र तोतया थांबत नाहीं. सही न जुळणारें पत्र नाकारावें, अशी सूचना डीएमएआरसी नांवाच्या निराळ्या नोंदींत द्यावी लागते. ती आम्हीं दिली. तरीहि शाळेच्या नांवांत एक अक्षर फिरवून कोणी नवें डोमेन घेतलें, तर त्यावर त्याची स्वतःची सही बिनचूक जुळेल. ह्यास्तव पालकांनीं पत्त्याचें अक्षर न् अक्षर वाचावें, आणि फीचें पत्र आल्यास पैसे भरण्यापूर्वीं कार्यालयांत विचारावें. विद्यार्थ्यांस संगणकावर जीमेलमध्यें मूळ संदेश उघडून डीकेआयएमच्या पुढें 'पास' असें लिहिलेलें पाहतां येईल. इयत्ता नववीच्या मुलांनीं डहाणूच्या वर्गांत तें पाहिलें. त्या पालकांची रक्कम मात्र अद्यापि परत मिळालेली नाहीं.